कोयंडा उचकटून

मराठी पेपरात घरफोडीची बातमी गेली कित्येक वर्षं एकाच वाक्यानं लिहिली जाते. ‘बंद सदनिकेच्या दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी...’ वगैरे. ऐवज तेवढा बदलतो. आपण वाचतो, ‘काय दिवस आलेत’ म्हणतो आणि पान उलटतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की सगळी गोम त्या पहिल्या ४ शब्दांत लिहून ठेवलेली असते आणि आपण नेमकी तीच वाचत नाही.

गेल्या दिवाळीत हे वाक्य आमच्या सोसायटीच्या वाट्याला आलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका-काकू ४ दिवस मुलीकडे गेले होते. परत आले तर दार सताड उघडं आणि कपाट रिकामं. काकूंच्या आईच्या पाटल्या गेल्या. त्यांची किंमत सोनार सांगेल हो, पण काकू अजूनही बोलता बोलता मनगट चाचपतात, त्याचं काय? पंचनाम्याच्या वेळी मी वर होतो. उंबऱ्याशी कोयंडा पडलेला आणि त्यात कुलूप लटकलेलं. बंद, शाबूत, ओरखडासुद्धा नाही. चांगलं महागातलं, ८ लिव्हरचं. शेजारी कोयंड्याचे ४ स्क्रू पडले होते. अर्धा इंचही लांब नसतील.

मग मीटिंग झाली. २ तास चर्चा. कॅमेरे बसवायचा ठराव झाला, कामाला येणाऱ्या बायकांना ओळखपत्रं द्यायचं ठरलं, आणि वॉचमनला काढून टाकलं. पोलिसांनी त्याला विचारपूस करून सोडून दिलं होतं, पण आपल्याला कोणीतरी लागतो ना! मी स्क्रूचा विषय काढला तर एक गृहस्थ म्हणाले, “तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठीक आहे, इथे खरे चोर होते.”

अहो, खरे चोर होते म्हणूनच तर बोलतोय!

आपण कुलूप विकत घेतो, पण दार सुरक्षित करत नाही. दुकानात गेलं की पहिला प्रश्न, ‘किती लिव्हरचं?’ लिव्हर वाढले की दुसऱ्याची किल्ली लागण्याची शक्यता कमी होते आणि तार घालून कुलूप उघडणं अवघड होतं. हे खरंच आहे. पण कटावणी घेऊन आलेला माणूस लिव्हर मोजत नाही. त्याला कुलपाशी देणंघेणंच नसतं. तो कोयंड्याच्या मागे कटावणीचं टोक घालतो आणि वजन टाकतो. तिथे सामना कटावणी विरुद्ध अर्ध्या इंचाचा स्क्रू असा असतो. कोण जिंकणार, सांगा.

कुलूप न उघडता येणं ही गोष्ट किती दुय्यम आहे त्याचा एक जुना किस्सा आहे. जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं १७८४ साली एका कुलपाचं पेटंट घेतलं. पुढे त्याच्या लंडनच्या दुकानाच्या खिडकीत तसलंच एक कुलूप मांडलेलं असे, उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. साठेक वर्षं ते कोणाला उघडलं नाही. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपवाला आला आणि त्यानं ते उघडलं. किती वेळ लागला? १६ दिवसांत मिळून ५१ तास. आता मला सांगा, तुमच्या जिन्यात कुठला चोर ५१ तास बसणार आहे? त्याच्याकडे असतात काही मिनिटं, आणि समोरच्या दाराची कडी वाजली तर तेवढीही नाहीत. त्याला कसब नको असतं. त्याला कच्ची जागा हवी असते. साखळी कितीही जाड असो, ती तुटते तिच्या सगळ्यात बारीक कडीशी. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात आणि लोक दहाव्या वर्षी विसरतात, ते सोडा.

आपल्या पणजोबांना हे कळत होतं. जुन्या वाड्यांची दारं आठवा. दाराला आतून आडवा अडसर, दोन्ही टोकं भिंतीतल्या खोबणीत. बाहेरून धक्का दिला तर तो धक्का थेट भिंत सोसायची. आता मात्र पोकळ फ्लश डोअर, वर चकचकीत लॅमिनेट, आणि त्यावर पितळेचा गणपती. दार दाखवायला आहे, अडवायला नाही. बिल्डर लाखो रुपये चौरस फुटाच्या हिशेबानं मोजून घेतो आणि चौकटीत स्क्रू मात्र आखूड मारतो.

तर मग करायचं काय? नुसती टीका करून थांबलो तर मीही मीटिंगमधलाच एक.

पहिलं, बाहेर लटकणारं कुलूप काढा. ‘घरात कोणी नाही’ अशी पाटी आपण होऊन का लावायची? दारातच बसवलेलं, पोलादी पट्टी चौकटीत सरकवणारं डेडलॉक घ्या. कोयंडा ठेवायचाच असेल तर तो आरपार बोल्टनं बसवा. बोल्टचं गोल डोकं बाहेर, नट आत.

दुसरं, चौकट बघा. कुलपाची पट्टी चौकटीत किमान २० ते २५ मिलिमीटर गेली पाहिजे. सुतार घाईत असतो, पटाशीनं खाच उथळ मारतो, आणि मग किल्लीचा दुसरा वेढा बसतच नाही. आपण म्हणतो, कुलूप कडक आहे, बसेल हळूहळू. नाही बसत! खाच खोल करून घ्या आणि तिच्यावरची लोखंडी पट्टी २ ते अडीच इंची स्क्रूनं पक्की करा.

तिसरं, नुसतं ओढून घेतलेलं लॅच म्हणजे कुलूप नव्हे. त्याची जीभ स्प्रिंगवर असते, पातळ पट्टीनं मागे ढकलता येते. खाली दूध आणायला जातानाही किल्ली फिरवा. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारा सिलिंडर असेल तर तो दाराच्या बाहेर २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावत नाही ना ते बघा. मधल्या स्क्रूच्या भोकापाशी तो सगळ्यात नाजूक असतो, धरायला टोक मिळालं की तिथेच तुटतो.

चौथं, बाहेर उघडणाऱ्या सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्या बाहेर असतात. त्यांच्या पिना वेल्डिंगवाल्याकडून पक्क्या करून घ्या. नाहीतर कुलूप राहतं जागेवर आणि दार निघतं दुसऱ्या बाजूनं.

पाचवं, आणि हे विसरू नका, आतून बाहेर पडायला किल्ली लागता कामा नये. आग लागली तर अंधारात, धुरात किल्ली कोण शोधणार? आतून नुसती मूठ फिरवून उघडणारं कुलूप घ्या. चोराला अडवताना आजीला कोंडू नका.

आता नवीन फॅशन स्मार्ट लॉकची. बोटाचा ठसा, मोबाईल, सगळं आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला असून सांगतो, चिप कितीही हुशार असली तरी शेवटी दार धरून ठेवते ती पट्टी आणि ती पट्टी धरून ठेवतात ते स्क्रू. चौकट तीच असेल तर आपण फक्त कोयंड्याला वाय-फाय जोडलं.

काही जण म्हणतील, ‘ज्याला यायचंच आहे तो येणारच.’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. येणारच, मान्य. पण कच्चं दार मिनिटभरात निघतं. पक्क्या दाराला दहा मिनिटं लागली आणि त्या दहा मिनिटांत सगळा जिना दणाणला, तर बहुतेक जण तिथूनच परत फिरतील. कुलपाचं काम एवढंच, वेळ खाणं आणि आवाज करायला लावणं. दैवावर हवाला ठेवणाऱ्यांनी मग ८ लिव्हरचं तरी का घ्यावं?

आणि आमचा वॉचमन. ९ वर्षं होता. बायको-मुलांसह खोली सोडून गावी गेला. त्याच्याविरुद्ध काहीही सापडलं नाही, पण ‘चोरी झाली तेव्हाचा वॉचमन’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं. मूठभर स्क्रूंचा दोष आपण एका माणसाच्या डोक्यावर ठेवला, कारण स्क्रू बदलायचे तर स्वतःच्या दाराकडे बघावं लागतं आणि माणूस बदलायला नुसता ठराव पुरतो.

असो. आज रविवार आहे. चहा झाला की एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि आपल्याच कोयंड्याचा एक स्क्रू काढून तळहातावर ठेवा. करंगळीच्या पेऱ्यापेक्षा आखूड निघाला, तर कॅमेऱ्याची वर्गणी देण्याआधी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन या.