सफारी शिवली, सफर राहिली

एके काळी नांदेड-लातूरच्या शिंप्यांनी सफारी सूट किती शिवले याची गणती नाही. मास्तर, तलाठी, नवरदेव, सर्वांना तोच पोशाख हवा असे. आम्ही कापडवाल्यांनी त्यावर टेरीकॉटचे तागेच्या तागे विकले. तो सूट मागे पडला. पण ज्या सफारीवरून त्याचे नाव पडले, ती आफ्रिकेतील जंगलाची सहल आज मोठा धंदा झाली आहे. आपले व्यापारी व कारागीर बंधू त्या धंद्याकडे पाठ फिरवून बसले आहेत, ही आमची तक्रार आहे.

सफारी हा स्वाहिली शब्द मूळ अरबी ‘सफर’वरून आला. इब्ने बतूता १३३१ साली मोंबासा व किल्व्यापर्यंत गेला होता. आज लोक तिथे जातात ते एकाच सहलीत जमिनीची नाना रूपे पाहायला मिळतात म्हणून. मसाई माराचे गवताळ रान, नाकुरूचे सरोवर, अंबोसेलीतून दिसणारा ५८९५ मीटर उंच किलिमांजारो, शेजारी टांझानियात न्गोरोंगोरोचे विवर आणि शेवटी झांजीबारचा समुद्र! जुलै ते ऑक्टोबरमध्ये लाखो विल्डबीस्ट आणि झेब्रे गवताच्या शोधात सेरेंगेटीतून मारात येतात, मगरींची नदी ओलांडतात. अल्लाहची ही कुदरत पाहण्यासारखीच आहे.

पण पाहुणा नुसते सिंह पाहून परतत नाही, कापडही घेऊन येतो. मसाईंची लाल चौकड्यांची शुका, किनाऱ्यावरचा काठावर स्वाहिली म्हण छापलेला कांगा. गुजरातेतील जेतपूरचे छपाईवाले हाच कांगा छापून आफ्रिकेत पाठवतात. त्यांनी बाजार ओळखला. शिवाय जंगलात मातकट रंगाचे सुती कपडे लागतात, कारण गडद निळ्या-काळ्या रंगावर त्सेत्से माशी येते. ‘खाकी’ हा शब्दही आपल्या ‘खाक’वरूनच आला आहे.

आपल्याकडे काय कमी आहे? उदगीरला विणलेल्या खादीचा राष्ट्रध्वज नांदेडला तयार होतो. जंगलही दूर नाही. किनवट-माहूरला लागून पैनगंगा अभयारण्य, त्यापलीकडे पांढरकवड्याजवळ टिपेश्वर. तिथला एक वाघ २०१९ साली चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दुसरा २०२४ च्या अखेरीस लातूरच्या शेजारी येडशीच्या रानात दिसला. वाघाला आपला मुलूख ठाऊक झाला, आपल्या दुकानदाराला टिपेश्वरचे फाटक ठाऊक नाही!

काही बंधू म्हणतील, हा इसराफ आहे. लग्नाच्या मांडवावर एका रात्रीत उडतो तो इसराफ नाही काय? कुरआन शरीफमध्ये जमिनीवर फिरून पाहण्याची ताकीद वारंवार आली आहे. ज्यांना ऐपत आहे त्यांनी पेरणीनंतर बाजार मंद असतो तेव्हा केनिया पाहावा. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. बाकीच्यांनी पावसाळा संपल्यावर मुलाबाळांसह टिपेश्वर गाठावे.

आणि डोळे गिऱ्हाइकावर ठेवावेत. त्याने टोपी कोणती घातली, जाकिटाला खिसे किती, पिशवी कशाची, हे पाहून यावे. आज आपल्या मोहल्ल्यातला शिंपी रेडिमेड पँटची उंची कमी करून देण्यावर दिवस काढतो. त्याला खादीचे जंगली जाकीट कापायला द्या. चार-पाच दुकानदारांनी मिळून पन्नास नग शिववून फाटकाजवळ विकून पाहावेत. पन्नास नगांत कोणी बुडत नाही. हुनर आपल्या हातात आहे. माल गिऱ्हाइकापर्यंत नेण्याची हिंमत तेवढी करावी.