लाल ठिपक्याचं बिल

जबडा मोडलेल्या माणसाला धड बोलता येत नाही, याचा आमच्या धंद्यातल्या काहींनी पुरेपूर फायदा उठवलाय. वरचे-खालचे दात तारेनं आवळलेला रुग्ण प्रश्न विचारणार कसा? समोर जबडा लवकर बरा करण्याच्या नावाखाली ‘लेझर, दहा सिटिंग’चं पॅकेज ठेवलं की बिचारा मान हलवतो.

मी जबड्याची ऑपरेशनं करतो. दुसरीकडे ऑपरेशन झालेली मंडळी फाइल घेऊन माझ्याकडे येतात. अशाच एका तरुणाच्या फाइलमध्ये रोज एकच ओळ होती: ‘लेझर दिला.’ तरंगलांबी किती, मिलिवॅट किती, सेकंद किती, लावला कुठे, काहीही नाही. चिठ्ठीवर नुसतं ‘गोळी द्या’ लिहून पाठवलं तर केमिस्टसुद्धा हसेल.

लेझर थोतांड आहे, असं मी म्हणत नाही. बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांना १९६७ मध्ये मंद लेझरखाली उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर केस लवकर उगवताना दिसले, तेव्हापासून यावर काम चालू आहे. कॅन्सरच्या उपचारात तोंड सोलवटतं, त्यावर तर याची रीतसर शिफारस आहे. जबड्याच्या फ्रॅक्चरमध्ये मात्र माणसांवरचे अभ्यास लहान आहेत. सूज, वेदना, बधिर झालेला खालचा ओठ, एवढ्यापुरती आशा धरायला जागा आहे. हाड लवकर जुळल्याचे दाखले बहुतेक उंदरा-सशांचे. माहितीपत्रकात ते उंदीर कुठे गायब होतात कोण जाणे!

आणि यात सगळा खेळ मात्रेचा. शंभर मिलिवॅटचा लेझर एका जागी साठ सेकंद धरला तर सहा ज्यूल. लेझरचा प्रोब दाढीवरून हवेत फिरवला तर पेशीपर्यंत किती पोचलं, ते देवच जाणे. मात्रा कमी पडली तर परिणाम नाही, फार झाली तर उलटा. म्हणजे ‘दोन सिटिंग जास्तीची घ्या’ हा सल्ला उदारपणाचा नव्हे, अडाणीपणाचा आहे. निदान मी तरी तसं समजून घेतो, कारण दुसरा अर्थ याहून वाईट आहे.

रुग्ण भुलतो तो लाल ठिपक्याला. ८१० नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना दिसतच नाही. दिसतो तो नेम धरण्यापुरता सोडलेला लाल प्रकाश. नातेवाईक त्याचे फोटो काढतात.

ज्यानं जबडा खरोखर बरा होतो, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसले का? प्लेट घट्ट आहे का? तोंड स्वच्छ राहतंय का? तंबाखू सुटली का? तारा निघाल्यावर आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि रोज तोंड थोडं जास्त उघडायचं. या व्यायामाला बिल नाही, म्हणून तो शिकवायला कुणाला वेळही नाही.

त्या तरुणाचे दात बांधूनच त्याला घरी पाठवलं होतं. अशा अवस्थेत जोराची उलटी झाली तर तारा तिथल्या तिथे कापाव्या लागतात, नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. म्हणून वायर कटर उशाशी हवा. मी त्याच्या आईला विचारलं, तर तिनं हा शब्दच पहिल्यांदा ऐकला होता. डिस्चार्ज कार्डाला लेझरच्या पुढच्या तारखा मात्र व्यवस्थित टाचलेल्या होत्या, आणि खाली ठळक अक्षरांत सूचना होती: रक्कम आगाऊ भरावी.