भविष्यवाणींतील दिवस आणि वर्षें

शास्त्राच्या तासाला वरच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मला आपली वही दाखविली. दानीएलाच्या आठव्या अध्यायांतील २३०० ही संख्या घेऊन त्यानें जगाच्या अंताचें वर्ष काढलें होतें. रीत त्यास वडिलांनीं शिकविली होती. बेरजेंत चूक नव्हती. "मग गुरुजी, परीक्षेस कशाला बसावयाचें?" असें त्यानें विचारलें. वर्ग हसला; मला मात्र हसूं आलें नाहीं.

याच संख्येवरून अमेरिकेंतील विल्यम मिलर या भाविक शेतकऱ्यानें गणित मांडिलें होतें. गणना व यहेज्केल या ग्रंथांत एकेका प्रसंगीं एका दिवसाबद्दल एक वर्ष धरिलें आहे. तो नियम त्यानें दानीएलास लाविला, व इ. स. पूर्वीं ४५७ पासून २३०० वर्षें मोजून प्रभूचें पुनरागमन १८४३ च्या सुमारास ठरविलें. पुढें त्याच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नेमिला. कित्येकांनीं शेतांतील पीक तसेंच उभें ठेविलें. तो दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशीं सूर्य नेहमींप्रमाणें उगवला.

त्यांच्या श्रद्धेची थट्टा मला रुचत नाहीं. परंतु त्या दोन ग्रंथांत तो नियम स्पष्ट सांगितला आहे. दानीएलाच्या त्या अध्यायांत सांगितलेला नाहीं. तेथें मूळ शब्दही 'संध्याकाळ-सकाळ' असा असून तो मंदिरांतील नित्य अर्पणांची आठवण करून देतो. अंत्युखस राजानें इ. स. पूर्वीं १६७ त मंदिर भ्रष्ट केलें व १६४ त तें शुद्ध झालें, त्या काळाविषयीं हें वचन आहे असें पुष्कळ विद्वान् मानितात, व मलाही तेंच सयुक्तिक वाटतें. शिवाय, काळ व समय जाणणें तुमच्याकडे नाहीं, असें प्रभूनें खुद्द प्रेषितांसही बजाविलें होतें.

माझ्या मतें काळाचा शब्द ज्यांस सांगितला त्यांच्या कानांनीं ऐकावा. यरुशलेमेंत हनन्या म्हणत होता कीं दोन वर्षांत सर्व परत येईल. यिर्मयानें बाबेलांतील बंदिवानांस सत्तर वर्षें लिहून कळविलीं. घरें बांधा, बागा लावा, मुलांचीं लग्नें करा, असेंही लिहिलें. हीं सत्तर वर्षें कोठून मोजावीं याविषयीं पंडितांचा वाद आहे. इ. स. पूर्वीं ५९७ च्या पाडावापासून ५३९ त कोरेशानें बाबेल घेईपर्यंत अठ्ठावन्नच होतात. पण पत्र ऐकणाऱ्या बापास वाद घालण्याचें कारण नव्हतें. आपण परत जाणार नाहीं, नातवंडें जातील, हें तो समजला, आणि पाया खणावा कीं नाहीं हेंही त्यास कळलें.

पुढें यरुशलेमेस वेढा पडला असतां यिर्मयानें अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपें तोलून विकत घेतलें, व खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावें म्हणून मातीच्या भांड्यांत ठेवविलें. ग्रंथाचा तो बत्तिसावा अध्याय घरीं वडिलांस वाचून दाखविण्यास मीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें आहे.