कुंकू, मंगळसूत्र आणि नोकरीचा गणवेश

गेल्या महिन्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली होती. तिचे लग्न नुकतेच झाले आहे व ती आपल्या बेटावरील एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांच्या स्वागताचे काम करते. कामावर रुजू होताना तिला एक छापील कागद देण्यात आला. केस कसे बांधावेत, नखे किती ठेवावीत, हे सर्व त्यात होते. कपाळावर कोणतीही खूण नसावी आणि गळ्यात एका बारीक साखळीपलीकडे काही नसावे, अशी दोन कलमेही होती. पहिल्याच दिवशी तिने मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवले व कुंकू रुमालाने पुसले. संध्याकाळी बसमध्ये ते पुन्हा गळ्यात घालायचे, म्हणजे सासूबाईंना कळत नाही. "गुरुजी," तिने विचारले, "कुंकू हा आपला धर्म आहे, की नुसती रीत?"

आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. मागाहून वाचन केले तेव्हा दिसून आले की नेमक्या याच प्रश्नावर अमेरिकेत पन्नास वर्षे खटले चालत आले आहेत. आपल्यापैकी पुष्कळांची मुलेबाळे आज परदेशी नोकरीला आहेत आणि मोठ्या हॉटेलांचे नियम तर देशोदेशी एकाच साच्यातून निघाल्यासारखे असतात. तेव्हा तिकडच्या न्यायालयांनी काय ठरविले, हे समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत मालकाला गणवेश ठरविण्याचा अधिकार आहे, याबद्दल वाद नाही. परंतु १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास बंदी घातली. पंधरा किंवा अधिक माणसे कामास असतील तेथे हा कायदा लागू होतो. १९७२ मध्ये त्यात भर पडली: कामगाराच्या धर्माचरणासाठी मालकाने वाजवी सवलत दिली पाहिजे, धंद्याला फार अडचण होत असेल तरच नकार द्यावा. पण 'फार अडचण' म्हणजे किती? १९७७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका विमान कंपनीच्या खटल्यात असा अर्थ लावला की किरकोळ खर्चाहून थोडा जास्त भार पडला तरी तो पुरे. झाले! मालकांना पळवाट मिळाली, आणि ती तब्बल ४६ वर्षे उघडी राहिली. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ती बंद केली. आता मालकाला आपल्या धंद्याच्या मानाने भरीव भार पडतो, हे दाखवून द्यावे लागते.

पोशाखाच्या बाबतीत सर्वांत बोलका खटला ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरचा. २००८ साली समंथा एलॉफ नावाची सतरा वर्षांची मुसलमान मुलगी ॲबरक्रोम्बी अँड फिच या कपड्यांच्या दुकानात मुलाखतीला गेली. डोक्याला काळा रुमाल बांधलेला. मुलाखत उत्तम झाली, परंतु दुकानाच्या नियमांत 'टोपी' निषिद्ध होती आणि वरच्या साहेबांनी तो रुमाल त्याच सदरात घातला. धर्मासाठी रुमाल बांधते असे ती बोलली नव्हती. तो रुमाल धर्माचा असावा अशी अटकळ मात्र दुकानातील अधिकाऱ्यांनी बांधली होती. कंपनीचा बचाव असा की तिने सवलत मागितलीच नाही आणि नियम सर्वांना सारखाच आहे. १ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने हा बचाव फेटाळला. धर्माचरणाला सवलत द्यावी लागू नये या हेतूने नोकरी नाकारली, तर पक्की माहिती नव्हती ही सबब चालत नाही. आणि सर्वांना एकच नियम लावला एवढ्याने मालकाची सुटका होत नाही, कायदा धर्माचरणाला त्याहून अधिक देतो.

हे शेवटचे वाक्य आपल्या समाजाने नीट वाचावे. "नियम सर्वांना सारखा" हे ऐकले की आपण गप्प बसतो. कपाळावर खूण नको हा नियम ज्यांच्या कपाळावर कधी खूण नसते त्यांना कसला जाचणार?

दुसरी हकीकत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची. ११ सप्टेंबर २००१ च्या भीषण हल्ल्याच्या वेळी एका पगडीधारी शीख मोटरमनने आपली गाडी उलट दिशेने हाकून प्रवाशांना धोक्याबाहेर नेले. त्याचा गौरव झाला. पुढे त्यालाच सांगण्यात आले की पगडीवर रेल्वेचे चिन्ह लाव, नाही तर प्रवाशांच्या नजरेआड काम कर. शीख व मुसलमान कर्मचाऱ्यांचे हे भांडण २०१२ साली तडजोडीने मिटले व चिन्हाची सक्ती गेली.

प्रत्येक वेळी कामगारच जिंकतो असे मात्र नाही. कॅलिफोर्नियात शेव्हरॉन तेल कंपनीतील एका शीख यंत्रकामगाराने दाढी काढण्यास नकार दिला. विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही, म्हणून १९८४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. आम्हाला हा निकाल पटतो; जीव वाचला तर दाढी. पण त्याआधी १९८१ मध्ये जॉर्जियातील एका न्यायालयाने उपाहारगृहाचा व्यवस्थापक होऊ पाहणाऱ्या शिखालाही नकार योग्य ठरविला, का, तर दाढीवाला माणूस गिऱ्हाइकांना स्वच्छ वाटणार नाही! वायूचा धोका आणि गिऱ्हाइकाची नाखुषी एकाच तराजूत कशी तोलता येईल? आज तेथील समान रोजगार संधी आयोग स्पष्ट सांगतो की गिऱ्हाइकांची आवडनिवड ही सबब होऊ शकत नाही.

आता रीतीकडे वळू. त्याच १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या एका कृष्णवर्णीय कर्मचारी बाईंनी केसांच्या बारीक घट्ट वेण्या घालण्याचा हक्क मागितला. आपल्या समाजातील स्त्रियांचा हा वारसा आहे, असे त्यांचे म्हणणे. न्यायालय म्हणाले, वेण्या काही जन्मजात नव्हेत, त्या बदलता येतात. कामाच्या वेळी त्यावर कृत्रिम केस लावा आणि घरी गेल्यावर काढा. आम्हाला वाचताना पर्समधले मंगळसूत्र आठवले. धर्म असता तर निदान विचार झाला असता, रीत म्हणून तोही नाही. हा अन्याय न्यायालयात सुटेना, तेव्हा लोकांनी विधिमंडळे गाठली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने केसांच्या अशा ठेवणीला संरक्षण देणारा पहिला कायदा केला आणि त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तो मार्ग धरला.

आम्ही पेशाने शिक्षक, म्हणून ऑरेगन राज्यातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. यूजीन गावातील एका शिक्षिकेने शीख धर्म स्वीकारला व पांढरी वस्त्रे आणि पांढरी पगडी घालून ती वर्गात येऊ लागली. तिची शिकविण्याची सनदच रद्द झाली आणि १९८६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरविले. शिक्षकाच्या वेषावरून सरकार एका धर्माचे आहे असे मुलांना वाटू नये, हे कारण. कारण ऐकायला सात्त्विक आहे. परंतु तो कायदा १९२३ चा, कु क्लक्स क्लॅनचा तेथे जोर असतानाचा, आणि त्याचा रोख कॅथलिक जोगिणींवर होता. ऑरेगनने तो २०१० मध्ये मोडीत काढला. पेनसिल्व्हेनियाने तसाच १८९५ चा कायदा २०२३ पर्यंत ठेवला होता.

मग धर्म की रीत? अमेरिकेतील आयोगाची कसोटी अशी की श्रद्धा प्रामाणिक असावी. एखाद्या धर्मपीठाची तशी आज्ञा असलीच पाहिजे असे नाही. त्या कसोटीला कुंकू उतरावे, असे आमचे मत. आपल्या शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतील घटना न्यायालयाने तर २००७ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. डर्बनच्या एका मुलींच्या शाळेत तमिळ कुटुंबातील विद्यार्थिनीला नाकातली चमकी काढण्यास सांगितले होते. न्यायालयाने म्हटले की धर्म व संस्कृती यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि सक्तीची नसलेली, आपखुषीने पाळलेली प्रथाही संरक्षणास पात्र आहे.

तो निकाल वाचून आम्हाला जरा लाज वाटली. एका प्रार्थनेच्या वेळी आम्हीच एका मुलीला हिरव्या बांगड्या उतरवायला लावल्या होत्या. चतुर्थीचे दिवस होते. का, असे तिने विचारले असते तर नियम आहे, यापलीकडे आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आपल्या देशातही २००८ चा समान संधी कायदा आहे व नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे. हॉटेलांच्या चालकांना आमचे सांगणे एवढेच की प्रत्येक कलमापुढे त्याचे कारण लिहावे. स्वयंपाकघरात बांगडी नको, यंत्रापाशी लांब ओढणी नको, हे कोणालाही कळते. स्वागताच्या टेबलाशी टिकलीएवढ्या कुंकवाने कोणाचे काय अडते, ते त्यांनी सांगावे. आणि मुलींनी रुमालाने कुंकू पुसण्यापूर्वी एकदा लेखी विचारावे. न विचारता सोडलेली गोष्ट पुढे मागणे फार अवघड जाते.

आमच्या विद्यार्थिनीने तसे पत्र दिले आहे. मसुदा तिने स्वतः केला, आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिले. पत्राची पोच मिळाली आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे.