जयची वाट

पाठीवर पिशव्या घेतलेले एक तरुण दांपत्य आठवडाभर अड्याळास मुक्कामी होते. पवनीचा किल्ला व जगन्नाथ टेकडीवरील प्राचीन स्तूपाचे अवशेष त्यांनी निवांत पाहिले. उरलेले दिवस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात घालविले. चितळ, नीलगायी दिसल्या, वाघ नाही. त्याची खंत त्यांना नव्हती. (आपल्या पाहुण्यांना मात्र पैसे बुडाल्यासारखे वाटते!) त्यांनी विचारले ते जय वाघाविषयी. नागझिऱ्याहून शेतशिवारे ओलांडत तो २०१३ मध्ये इकडे आला, २०१६ मध्ये दिसेनासा झाला. त्याचा पुत्र श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीड परिसरात शेताच्या कुंपणातील विजेच्या धक्क्याने मेला. कुंपणाची तार आपल्याच दुकानांतून जाते. गिऱ्हाईकाला ‘तीत वीज सोडणार नाहीस ना?’ एवढे तरी आपण विचारावे.