रिकाम्या चौकोनाची विचारपूस

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि बागेतील योगवर्ग, भजनी मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठका मोबाइलच्या पडद्यावर आल्या. टाळेबंदी सरली, तरी गुडघेदुखीमुळे वा सोबतीअभावी घराबाहेर पडणे ज्यांना कठीण जाते, त्यांच्यासाठी ऑनलाइन वर्ग हा मोठाच आधार ठरला. मात्र या सोयीत एक उणीव राहून जाते. बागेतील वर्गात एखादे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, तर कोणीतरी त्यांच्या घरी डोकावून येत असे. पडद्यावर एक चौकोन नाहीसा होतो आणि उरलेले चौकोन त्याची जागा भरून काढतात.

एकाकीपणा हा केवळ मनाचा सल नव्हे. हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांच्याशी त्याचा संबंध आढळून आला आहे. म्हणूनच वर्गात काय शिकवले जाते, याइतकेच तेथे कोण कोणाची आठवण ठेवते, हेही महत्त्वाचे आहे.

त्यासाठी वर्ग दहा मिनिटे आधी सुरू करावा आणि तो वेळ गप्पांसाठीच राखावा. शिक्षकांनी प्रत्येकाला नावाने हाक मारावी. दोघादोघांच्या जोड्या लावाव्यात. जोडीदार आला नाही, तर त्याच दिवशी त्याला फोन करणे हे दुसऱ्याचे काम. व्यायामवर्गात तर ही सुरक्षिततेचीच बाब आहे. आवाज आणि कॅमेरा दोन्ही बंद असताना कोणाचा तोल गेला, तर ते इतरांना कळणार कसे? म्हणून व्यायाम करताना कॅमेरा सुरू असावा, भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची हाताशी असावी आणि प्रत्येकाचा पत्ता व जवळच्या नातलगाचा क्रमांक शिक्षकांजवळ असावा.

घरच्यांनी मोबाइल नीट लावून द्यावा, कमी ऐकू येत असल्यास हेडफोन द्यावा आणि मग बाजूला व्हावे. आईबाबांच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. त्यांच्या ओळखी त्यांनाच करून घेऊ द्याव्यात.

वाचकहो, आजचा वर्ग संपल्यावर गेल्या आठवड्यात कोण आले नव्हते, ते जरा आठवून पाहा आणि त्यांना फोन लावा. “तुम्ही नव्हता, तर चुकल्यासारखे वाटले,” एवढे म्हटले तरी पुरे.