न मागितलेली गाणी

"यूट्यूबवर सगळं असताना रेडिओ कशाला रे?" माझ्या टेबलावरचा सेट बघून हॉस्टेलमधला प्रत्येक जण एकदा तरी हे विचारतोच. रेक्टर सरांनीही विचारून झालंय. तेव्हा सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकतो.

मान्य, यूट्यूबवर सगळं आहे. पण त्याला विचारायचं काय? लहानपणी कानावर पडलेली गाणी आपण थोडीच निवडली होती? ती आईची निवड, आजीची निवड, नाहीतर गल्लीतल्या टेलरकाकांची. आई डबा भरतेय, रेडिओ आपला चालू आहे आणि आपण दप्तरात कंपासपेटी शोधतोय, असं ते ऐकणं. त्यामुळे आज डोक्यात उरलंय काय, तर कुठल्याशा गाण्याच्या सुरुवातीची बासरी, नाहीतर दुसऱ्या कडव्याआधीचं सतारीचं एक वळण. शब्द आठवत नाहीत, गायक माहीत नाही. हे टाईप कसं करणार? गुणगुणून शोधायची सोय आहे म्हणे, पण माझ्या गळ्याला घाबरून त्याने भलतंच काहीतरी काढून दिलं! आणि ॲपचं म्हणाल, तर आपण काल जे ऐकलं त्याच्याच भावकीतलं गाणं ते आज पुढे करतं. आईच्या स्वयंपाकघरापर्यंत ते जाणार कसं?

रेडिओ जातो, कारण तो आपल्याला विचारतच नाही. फर्स्ट इयरला एक सीनियर रूम सोडताना जुना दोन बँडचा सेट टाकून गेला, तो मी उचलला. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावलं तर आधी नुसती खरखर. ई अँड टीसीवाल्यांना कारण सांगायला नको. लॅपटॉपचे ॲडाप्टर, चार्जर, एलईडी दिवे, सगळ्यांच्या स्विचिंगचा गोंगाट थेट मीडियम वेव्हमध्ये शिरतो. उपाय सोपा. सेट खिडकीत ठेवायचा, चार्जर काढायचे आणि सेट हळूहळू फिरवायचा. आत फेराईटची कांडी असते, ती दिशा ओळखते. एका कोनात खरखर मरते आणि गाणं वर येतं. अँटेना थिअरीच्या लेक्चरला जे डोक्यावरून गेलं होतं ते त्या दिवशी हाताला कळलं.

आणि मग रोज एखादं गाणं परत यायला लागलं. अरे, हे तर आपलं! आणि गाण्याआधी निवेदिका गीत कुणाचं, संगीत कुणाचं, स्वर कुणाचा हे रीतसर सांगते. ही आकाशवाणीची सवय मला फार मोलाची वाटते. लहानपणी नुसतं 'आईचं गाणं' होतं त्याला अशी तीन नावं मिळतात. ॲपवर बहुतेक वेळा गायक दिसतो, कवी शोधून काढावा लागतो.

खरं तर यातली कितीतरी गाणी जन्मलीच रेडिओसाठी. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ ला रामनवमीला 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, आठवड्याला एक गाणं, अशी ५६ गाणी. (आपल्याला आठवड्याला एक असाइनमेंट झेपत नाही!) पाडगावकर आणि खळेकाकांचं 'शुक्रतारा' हे अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांनी गायलेलं भावगीतसुद्धा मुंबई आकाशवाणीचंच. आणि अरुण दाते शिक्षणाने कोण? टेक्सटाईल इंजिनिअर. मेकॅनिकलवाल्यांनी उगाच हसू नये.

अजून एक गोष्ट प्लेलिस्टला जमत नाही. रात्री दहाला विविध भारतीवर छायागीत लागतं. तिकडे घरी आई सेटवर ऐकते, इकडे मी लायब्ररीतून परत येताना मोबाईलवर आकाशवाणीचं ॲप लावतो. बफरिंगमुळे माझं गाणं मागे असतं. फोन केला की आई पुढच्या कडव्यात असते, मी अजून मुखड्यात. "कुठलं लागलंय?" असं विचारावं लागत नाही, एवढंच. बाकी बोलायला फार काही नसलं तरी चालतं.

काळजी वेगळीच आहे. नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर रात्रभर चालणारं नॅशनल चॅनल १९८८ ला सुरू झालं होतं, ते २०१९ ला बंद झालं. देशातली मीडियम वेव्हची बरीच जुनी ट्रान्समीटर गेल्या काही वर्षांत बंद पडली. वीज खाणारी, सुटे भाग न मिळणारी यंत्रं, बंद करणाऱ्यांचीही काही बाजू असेल. पण ऐकणारेच नाहीत हे कारण सांगायची संधी आपण तरी का द्यावी?

तेव्हा माझी मागणी छोटी आहे. मेस कमिटी यंदा ब्लूटूथ स्पीकर घेतेय, जरूर घ्यावा. फक्त सकाळी सात ते नऊ तिथे रेडिओ लावावा. भक्तिगीतं, बातम्या, मराठी गाणी, जे लागेल ते. पोह्यांवर भांडायचं तर तेव्हाही भांडता येईल. सेट मी देतो, खिडकीतला कोनही शोधून देतो. सेलचे पैसे तेवढे कमिटीने द्यावेत.